कडक नावाचा शब्द

मोटारसायकल स्टँडवर सरळ उभी, मागचं चाक जमिनीपासून बोटभर वर. शेजारी दोन माणसं उकिडवी बसलेली. एकाच्या हातात स्टीलची टेप, दुसऱ्याच्या हातात पेन्सिल आणि जुन्या पावतीची कोरी पाठ. गाडीला नुकताच नवा शॉकअप बसवलेला होता. पिवळी स्प्रिंग, जाड नळीने जोडलेला वेगळा रिझर्व्हॉयर, वर-खाली मिळून तीन ॲडजस्टर. कुणा हलक्या अंगाच्या चालकाने थोडाच वापरून विकलेला. मालकाची तक्रार एका शब्दाची होती: कडक. सुरुवातीला गाडी मागे फार बसते म्हणून त्याने प्रीलोडची, म्हणजे स्प्रिंग आधीच दाबून ठेवणारी, कॉलर आवळत नेली आणि ती आता आट्यांच्या शेवटाला टेकली होती. रिबाउंडचा, म्हणजे दबलेली स्प्रिंग परत उसळते तो वेग आवरणारा, ॲडजस्टरही जवळजवळ पूर्ण बंद. टेपवाल्याने तीन मापं घेतली, दोन वजाबाक्या केल्या आणि कागद पुढे सरकवला. गाडी नुसती उभी असताना २ मिलिमीटर बसते, मालक सामानासकट बसला की ५०. "स्प्रिंग मऊ आहे," तो म्हणाला, "चांगलीच मऊ."

कडक लागणाऱ्या गाडीला आणखी कडक स्प्रिंग घाला, असा त्याचा अर्थ होता. मालक काही बोलला नाही. त्याने सीटवर तळहात टेकून गाडी दोनदा दाबून पाहिली, आपल्या हाताला जे कळतंय ते कागदावरच्या आकड्यांशी जुळतंय का ते तपासल्यासारखी. ते जुळत नव्हतं. ही न जुळण्याची गोष्टच मनात रुतून बसली.

कारण तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या माकडहाडाला जे धक्के बसत होते ते खरेच होते. चूक होती ती शब्दात. आपण ऊन कडक म्हणतो, शिस्त कडक म्हणतो, इस्त्री कडक म्हणतो, आणि प्रत्येक वेळी ऐकणाऱ्याला काय म्हणायचंय ते बरोबर कळतं. मोटारसायकलच्या बाबतीत मात्र हा एकच शब्द निदान पाच निरनिराळ्या दुखण्यांना लावला जातो. स्प्रिंग ताठ असली तरी गाडी कडक. स्प्रिंग मऊ असल्यामुळे शॉकअप तळाच्या रबरावर आपटत असला तरी कडक. रिबाउंड इतका चिकट की चाक एका खड्ड्यातून सावरेपर्यंत दुसरा येतो, तरी कडक. तेलाला वेगाने जायला वाट नाही म्हणून पुढच्या चाकाच्या दोन नळ्यांचा फोर्क क्षणभर गोठतो, तरी कडक. आणि ॲक्सल वाकडा आवळल्यामुळे फोर्कच्या नळ्या एकमेकींत अडकून सरकत असल्या, तरीही कडकच. शरीराला पाचही ठिकाणी धक्काच कळतो. तो कुठून आला हे शरीर सांगत नाही. म्हणून नवं सस्पेन्शन घ्यायला निघालेल्या माणसाने सगळ्यात आधी हा शब्द बाजूला ठेवावा आणि टेप हातात घ्यावी, असं मला मनापासून वाटतं.

मापाची रीत सोपी आहे, पण ती सावकाश करावी लागते. मागचं चाक पूर्ण लोंबकळत ठेवायचं आणि ॲक्सलच्या मध्यापासून सरळ वर, सीटखालच्या एखाद्या न हलणाऱ्या बिंदूपर्यंतचं अंतर घ्यायचं. तिथे चिकटपट्टी लावून पेनाने खूण केली तर प्रत्येक वेळी टेप त्याच जागी लागते. मग गाडी चाकांवर उभी करून तेच माप, आणि शेवटी चालकाने हेल्मेट, जॅकेट, बूट आणि नेहमीच्या सामानासकट, पाय फुटरेस्टवर ठेवून बसल्यावर तेच माप. पहिल्यातून दुसरं वजा केलं की फ्री सॅग, पहिल्यातून तिसरं वजा केलं की रायडर सॅग. रस्त्यावर चालवायच्या गाडीला मागे ३० ते ४० मिलिमीटर रायडर सॅग आणि ५ ते १५ फ्री सॅग हा चांगला पल्ला. पुढे ३० ते ४० पुरतो. चाकाची हालचाल ३०० मिलिमीटरपर्यंत जाणाऱ्या मोटोक्रॉसच्या गाड्यांचं गणित वेगळं, तिथे मागे १०० च्या आसपास बसणंच योग्य. एका मापावर मात्र विसंबू नये. एकदा गाडी खाली दाबून हलकेच वर येऊ द्यावी आणि मोजावं, एकदा वर उचलून हलकेच खाली बसू द्यावी आणि मोजावं, मग दोन्हींची सरासरी धरावी. या दोन मापांमधला फरक म्हणजे घर्षण. पुढच्या फोर्कमध्ये तो वीस-पंचवीस मिलिमीटरच्या वर गेला, तर कोणताही महागडा भाग विकत घेण्याआधी ऑइल सील, बुश आणि ॲक्सलची बसवणी पाहायला हवी. मागे इतका फरक दिसला तर लिंकेजची, म्हणजे चाक आणि शॉकअप जोडणाऱ्या सांध्यांची, सुकलेली बेअरिंग खोलावीत. बरेचदा आत ग्रीसऐवजी तांबूस पूडच निघते.

रायडर सॅग एकटा पाहून स्प्रिंग निवडता येत नाही.

इथेच त्या कागदावरचा २ चा आकडा बोलायला लागतो. प्रीलोडची कॉलर आवळल्याने स्प्रिंग ताठ होत नाही, हे कितीही वेळा सांगितलं तरी हाताला पटत नाही, कारण आवळताना पाना जड होत जातो. पण ९० न्यूटन प्रति मिलिमीटरची सरळ स्प्रिंग १० मिलिमीटर आवळा नाहीतर २० आवळा, पुढचा प्रत्येक मिलिमीटर दाबायला ९० न्यूटनच लागतात. आवळल्याने फक्त गाडी उंच बसते. लिंकेजचं गुणोत्तर २.४ असेल, म्हणजे शॉकअप १ मिलिमीटर दबताना चाक २.४ हलत असेल, तर कॉलरचा १ मिलिमीटर चाकापाशी २.४ होऊन उमटतो. म्हणून मऊ स्प्रिंगवर भारी माणूस बसवला आणि कॉलर आवळत नेली की नुसत्या गाडीचा सॅग शून्याकडे जातो, तरी चालक बसल्यावर ती खोलच जाते. उलट स्प्रिंग गरजेपेक्षा ताठ असेल तर रायडर सॅग जमवण्यासाठी कॉलर इतकी सैल करावी लागते की गाडी नुसती उभी असतानाच २०-२५ मिलिमीटर बसलेली दिसते. फ्री सॅग कमी आला तर स्प्रिंग मऊ, जास्त आला तर स्प्रिंग ताठ. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे हमखास उलटं वाटतं.

त्या गाडीच्या मागच्या चाकाची एकूण हालचाल १२० मिलिमीटर. त्यातले ५० नुसत्या बसण्यात गेले. उरले ७०. त्यातला शेवटचा तीस-पस्तीसचा टप्पा शॉकअपच्या दांड्यावरच्या रबरी बंपस्टॉपचा. म्हणजे खरी मोकळी हालचाल जेमतेम साडेतीन-चार सेंटिमीटर. मधल्या आकाराचा खड्डा आला की चाक थेट रबरावर. मालकाला जो कडकपणा जाणवत होता तो या रबराचा होता, स्प्रिंगचा नव्हताच.

मग किती ताठ स्प्रिंग? यासाठी थोडं गणित लागतं, पण ते शाळेतलंच आहे. चाकापाशी जाणवणारा ताठपणा म्हणजे स्प्रिंगचा आकडा भागिले गुणोत्तराचा वर्ग. या गाडीचं गुणोत्तर २.४, त्याचा वर्ग ५.७६, म्हणून तिची ९० ची स्प्रिंग चाकापाशी साधारण १५.६ न्यूटन प्रति मिलिमीटर. फ्री सॅग आणि रायडर सॅगमधला फरक ४८ मिलिमीटर, म्हणजे चालक आणि सामान मिळून मागच्या चाकावर सुमारे ७५० न्यूटन, साधारण ७६ किलो टाकत होते. हाच फरक ३३ वर आणायचा तर चाकापाशी २२.७ हवेत, म्हणजे स्प्रिंग १३० च्या घरातली. गुणोत्तर माहीत नसेल तरी वाट बंद होत नाही. आत्ताची स्प्रिंग गुणिले आत्ताचा फरक भागिले हवा असलेला फरक, एवढ्यावर अंदाज जवळ येतो. स्प्रिंगवरचा आकडा वाचताना एकक पाहावं. काहींवर न्यूटन असतात, काहींवर किलो. १ किलो प्रति मिलिमीटर म्हणजे ९.८ न्यूटन. पुढे फोर्कच्या दोन नळ्या असल्यामुळे दोन्ही स्प्रिंगांची बेरीज धरायची, ०.९ किलोच्या दोन म्हणजे गाडीला १.८. फोर्कमध्ये एका पायरीचा, म्हणजे ०.०५ किलोचा फरकही ब्रेक लावताना नाक किती बुडतं यात कळतो.

प्रोग्रेसिव्ह, म्हणजे दाबत जाईल तशी ताठ होणाऱ्या स्प्रिंगांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. एकाच गाडीवर कधी एकटा, कधी दोघं आणि सामान असं ओझं फिरत असेल तर त्यांचा उपयोग आहे. पण फोर्कमध्ये सुरुवातीचे मऊ वेढे गाडीच्या वजनानेच मिटून जातात, आणि हवेची पोकळी शेवटाला ताठपणा वाढवतच असते. तेलाची पातळी बदलून हेच काम जास्त नेमकं होतं. स्प्रिंग काढून फोर्क पूर्ण दाबायचा आणि नळीच्या वरच्या कडेपासून तेलापर्यंतचं अंतर मोजायचं. मॅन्युअलमध्ये १४० असेल आणि जोराच्या ब्रेकवर फोर्क तळाला जात असेल, तर १३० करून पाहावं. हवा कमी झाली की शेवटचा तिसरा हिस्सा लवकर ताठ होतो, सुरुवात तशीच राहते. दोन्ही नळ्यांत पातळी मिलिमीटरभरही वेगळी ठेवू नये. तेल ओतताना मोजपात्रावर भागू नये, कारण नळीच्या आत जुनं तेल किती चिकटून राहिलंय ते कुणालाच माहीत नसतं. ते जुनं तेल पहिल्यांदा बाहेर येतं तेव्हाचा वास विसरता येत नाही. नासक्या माशासारखा, रंग राखाडी, आणि उन्हात धरलं तर आत धातूची चमचम. ती चमचम म्हणजे बुश आणि स्प्रिंग झिजून झालेली पूड. काही वेळा नुसतं तेल बदलल्यावर गाडी इतकी सुधारते की नव्या फोर्कचा विचार पुढे ढकलला जातो.

स्प्रिंगनंतर डॅम्पिंग, म्हणजे तेलाच्या विरोधाने हालचाल आवरणं. क्रम हाच. स्प्रिंग चुकीची असताना क्लिकर, म्हणजे डॅम्पिंगचे टकटक करत फिरणारे ॲडजस्टर, फिरवत बसणं म्हणजे चुकीच्या मापाच्या बुटाची नाडी आवळत राहणं. इतिहासातही क्रम असाच दिसतो. स्प्रिंग आधी आली, तेलाने ती आवरणारा टेलिस्कोपिक फोर्क बीएमडब्ल्यूच्या आर १२ वर १९३५ साली आला. साध्या फोर्कमध्ये आजही तेल एका दांड्याच्या भोकांतून ढकललं जातं, आणि भोकाचा स्वभाव असा की वेग दुप्पट झाला की विरोध चौपट. हळू हालचालीला फोर्क लुळा, ब्रेक लावला की नाक खाली. टोकदार कडेवर आदळला की तेलाला जायला वाटच नाही, धक्का सरळ मनगटात. दाट तेल घातलं तर पहिलं दुखणं बरं होतं आणि दुसरं वाढतं. इथे एम्युलेटर नावाचा छोटा व्हॉल्व्ह फार गुणाचा आहे. तो दांड्याच्या डोक्यावर बसतो आणि मुख्य स्प्रिंगच्या दाबाने जागी राहतो. पण तो नुसता टाकून भागत नाही. दांड्याची कॉम्प्रेशनची, म्हणजे फोर्क दबताना तेल जातं ती, खालची भोकं मोठी करावी लागतात, साधारण ८ मिलिमीटरची सहा, आणि कडा आतून-बाहेरून घासून गुळगुळीत कराव्या लागतात. हे राहिलं तर तेल अजूनही जुन्याच भोकांपाशी अडतं आणि नवा व्हॉल्व्ह असून नसल्यासारखा. रिबाउंडचं बारीक भोक मात्र हात न लावता सोडायचं. मग रिबाउंड फक्त तेलाच्या दाटपणावर ठरतो. व्हॉल्व्हची स्प्रिंग दोन आटे आवळून सुरुवात करावी, मग अर्ध्या-अर्ध्या आट्याने. व्हॉल्व्हची जाडी वाढल्यामुळे वरचा स्पेसर तेवढाच कापून कमी करावा लागतो. कापलेली कड काटकोनात नसेल तर स्प्रिंग तिरकी होऊन नळीच्या आतल्या भिंतीला घासते. ज्या फोर्कमध्ये आधीच कार्ट्रिज, म्हणजे पिस्टन आणि चकत्यांचा बंद संच, आहे त्यात एम्युलेटर चालत नाही. तिथे पिस्टन आणि पातळ चकत्यांची रचना बदलतात, नाहीतर आख्खं कार्ट्रिजच.

तेलाच्या डब्यावरच्या ५, १० अशा आकड्यांवर विश्वास ठेवू नये. एका कंपनीचं ५ दुसऱ्या कंपनीच्या १० इतकं दाट असू शकतं. ४० अंश तापमानाचा सेंटिस्टोकमधला आकडा पाहावा, तुलना तेवढ्यावरच होते.

शॉकअप निवडताना लोक ॲडजस्टर मोजतात. मी आधी दोन गोष्टी पाहीन: माझ्या वजनाची स्प्रिंग त्याला मिळते का, आणि तो उघडून दुरुस्त करता येतो का. न उघडणारा शॉकअप तेल थकलं की फेकायचाच. उघडणाऱ्याला नवं सील, नवं तेल आणि नायट्रोजन भरला की तो पुन्हा पहिल्यासारखा. तेल आणि वायू एकाच पोकळीत असलेले शॉकअप थोड्या अंतरावर छान वागतात, पण खराब रस्त्यावर तासभर गेले की आत फेस होतो आणि डॅम्पिंग ढासळतं. चालकाला वाटतं रस्ता आणखी बिघडला. तरंगत्या पिस्टनने वायू वेगळा ठेवलेला असेल तर हा ऱ्हास बराच लांबतो. सगळ्यात उपयोगाचा ॲडजस्टर रिबाउंडचा. कॉम्प्रेशनचे दोन वेगळे, हळू आणि वेगवान हालचालीचे, मिळाले तर उत्तमच, पण योग्य स्प्रिंग आणि एक रिबाउंड असलेला शॉकअप चुकीची स्प्रिंग आणि तीन ॲडजस्टर असलेल्यापेक्षा दर मैलाला सुखाचा.

लांबीही निरखून पाहावी, दोन्ही डोळ्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतची. ४ मिलिमीटर जास्त लांब शॉकअप म्हणजे २.४ गुणोत्तराला मागची बाजू जवळजवळ १० मिलिमीटर वर. १४०० मिलिमीटर व्हीलबेसच्या, म्हणजे दोन चाकांच्या मध्यांत तेवढं अंतर असलेल्या, गाडीत यामुळे पुढच्या फोर्कचा कल सुमारे ०.४ अंशाने उभा होतो आणि ट्रेल, म्हणजे स्टिअरिंगची रेषा आणि पुढचा टायर जमिनीला टेकतात त्या बिंदूंमधलं अंतर, अडीच मिलिमीटरच्या आसपास कमी. वळणात गाडी चपळ होते, सरळ वेगात जराशी अस्वस्थ. काहींना हेच हवं असतं. पण ते मुद्दाम केलेलं असावं, नकळत झालेलं नसावं. मागची उंची बदलली की चेनची ढिलाई पुन्हा मोजायची, साइड स्टँडवर गाडी किती तिरकी उभी राहते ते पाहायचं, हेडलाइटचा झोत पुन्हा जुळवायचा. रिझर्व्हॉयरची नळी मागची बाजू पूर्ण दाबून तपासायची. नळी फ्रेमला घासत असेल तर ती काही महिन्यांतच फाटते. पुढे फोर्क क्लॅम्पमध्ये वर सरकवले असतील तर स्प्रिंगा काढून फोर्क तळापर्यंत दाबावा आणि टायर किंवा मडगार्ड कुठे टेकतं का ते डोळ्यांनी पाहावं. ॲक्सलचा नट आवळल्यावर बाजूचा पिंच बोल्ट सैल ठेवून पुढचा ब्रेक धरावा, फोर्क चार-पाच वेळा दाबावा, नळ्या आपली जागा शोधतात, आणि तेव्हाच तो बोल्ट टॉर्क पान्याने आवळावा. या दोन मिनिटांच्या कामाने कित्येक "कडक" फोर्क बरे होतात.

क्लिकर मोजताना नेहमी पूर्ण बंद केलेल्या जागेपासून बाहेर मोजायचं. बंद करताना बोटाला थांबा लागला की तिथेच थांबायचं, आवळलं तर आतली सुई आणि तिची बैठक दोन्ही बिघडतात. बदल एका वेळी एकच, दोन क्लिकचा, आणि रस्ता प्रत्येक वेळी तोच. टायरची हवा सकाळी थंड असताना मोजलेली असावी, नाहीतर आपण हवेचा फरक शॉकअपच्या नावावर लिहू. रिबाउंड जास्त असेल तर एकामागून एक आलेल्या खड्ड्यांत पहिला ठीक, दुसरा बरा, चौथ्या-पाचव्याला गाडी खाली बसलेली आणि दगडासारखी. कमी असेल तर एका उंचवट्यानंतर मागची बाजू वर येऊन एकदा खाली, पुन्हा एकदा वर. पुढच्या फोर्कच्या नळीवर बारीक झिप टाय बांधून ठेवावा, टोक कापून. प्रवासानंतर तो कुठे सरकलाय ते पाहणं ही एक वेगळीच उत्सुकता असते. पण तो अगदी टोकापर्यंत गेला नाही म्हणून निराश होऊ नये, शेवटचे दहा-पंधरा मिलिमीटर बहुतेक फोर्कमध्ये तेलाच्या बुडाच्या थांब्यासाठी राखलेले असतात.

त्या गाडीत १३० ची स्प्रिंग आली. नवीन स्प्रिंग काळी होती, दिसायला काही खास नाही. कॉलर सोडवत आणल्यावर बऱ्याच दिवसांनी आटे उघडे पडले, त्यांच्या खाचांत धूळ आणि ग्रीसचा काळा गाळ साचलेला. ब्रशने तो काढला. फ्री सॅग ६, रायडर सॅग ३९. रिबाउंड आता बंदपासून ११ क्लिक बाहेर. मालक तोच रस्ता घेऊन गेला, वाटेत ओळीने खड्डे असलेला, आणि परत येऊन गाडीवरून न उतरता काही वेळ तसाच बसून राहिला. मऊ म्हणावं तर स्प्रिंग आधीच्या दीडपट ताठ होती. त्याने दोन्ही पाय जमिनीवर टेकवले, मग पुन्हा फुटरेस्टवर घेतले, आणि गाडी खाली किती जाते ते जणू अंगानेच मोजलं. "खाली लागत नाही आता," तो म्हणाला. तेवढ्यात टेपवाला पुढच्या चाकापाशी जाऊन उकिडवा बसला होता. पावतीच्या पाठीवर जागा उरली नव्हती, म्हणून त्याने पुढच्या फोर्कची पहिली ओळ समासात आडवी लिहायला घेतली.